टांगलेला घाट

भाऊंच्या दुकानात जमिनीवर दोनच वस्तू होत्या: एक त्यांची गादी आणि दुसरा मी. बाकी सगळं दुकान वर टांगलेलं होतं. छत्र्या, कंदील, मेणकापडाचे कोट, वातींची भेंडोळी, घासलेट ओतायची नरसाळी, सगळं तुळयांना ठोकलेल्या आकड्यांवरून खाली लोंबत असायचं. देवळात शिरल्यावर माणूस घंटा शोधतो तसं आमचं गिऱ्हाईक आत आलं की आधी मान वर करायचं आणि मग बोलायचं.

याला कारण लोणावळ्याची ओल. पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या वस्तूला दोन दिवसांत बुरशी धरते, पत्र्याला गंज चढतो, काडेपेटीतली काडी ओढली तर नुसता लगदा निघतो. भाऊंनी यावर तोडगा काढला होता आणि त्या तोडग्याचंच पुढे त्यांनी तत्त्वज्ञान करून टाकलं होतं. "टांगलं ते टिकलं," असं ते म्हणायचे. स्वतःची टोपी, चपला, जेवणाचा डबा, सगळं ते टांगायचे. एकदा मला आठवडाभर सर्दी झाली, तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "माफीनाम्या, तुलाही एक दिवस आकड्याला लावायला हवं."

माफीनामा हे माझं नाव त्यांनीच ठेवलं. मी मूळचा वडिवळ्याचा. घरी भातशेती. चार इयत्ता जास्त शिकलो म्हणून वडिलांनी मला लोणावळ्यात भाऊंच्या हाताखाली लावून दिलं. वडील गुडघाभर चिखलात वाकून भात लावताहेत आणि मी छत्र्यांच्या छताखाली कोरडा बसलो आहे, ही टोचणी मला पहिल्या दिवसापासून होती. आता पंचेचाळिशी आली, वडीलही राहिले नाहीत, पण ती गेलेली नाही. त्या टोचणीमुळे म्हणा किंवा स्वभावच तसा म्हणा, मी उठता-बसता माफी मागायचो. गिऱ्हाइकाला कंदील दाखवताना माफी, सुटे पैसे देताना माफी, बाहेर पाऊस पडत असेल तर त्याचीही.

"अरे, तू माफी मागितलीस की त्याला वाटतं मालात खोट आहे," भाऊ कपाळाला हात लावायचे.

"चुकलो भाऊ. माफ करा."

"घ्या!"

पण स्वतः भाऊ कोणत्या तोऱ्यात दुकान चालवायचे? एकदा कार्ल्याकडचा एक म्हातारा शेतकरी छत्री घ्यायला आला.

"भाऊ, येक छत्री द्या. लावणी आलीया."

"लावणी किती हातांनी करता, आबा?"

"दोनी हातानं. का वं?"

"मग छत्री काय दातांत धरणार? घरी इरलं आहे ना?" पाठीवर पांघरायचं ते पानांचं इरलं, शेतात वाकलेल्या माणसाला तेच खरं छप्पर.

"हाय, पर पार फाटलंय."

"मग इरलंच नवं घ्या. छत्री लग्नाला जायची असते."

म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्यो दुकानदार हाय का इरली इनणाऱ्याचा सोयरा?" आणि हसत हसत निघून गेला. मी भाऊंच्या वतीने त्याच्या पाठमोऱ्या डोक्याची माफी मागितली.

छत्री विकायचीच झाली तर भाऊ ती आधी उघडायचे, गिऱ्हाइकाला आत घ्यायचे आणि स्वतःही शेजारी उभे राहायचे. "दोघं मावली पाहिजेत," ते सांगायचे. "संसारात एकाच बाजूला पाणी पडलं की भांडण ठरलेलं." मुंबईहून तुंगार्लीच्या बंगल्यांत हवा खायला आलेली नवी जोडपी भाऊंच्या त्या परीक्षेत लाजून लाल व्हायची. एका बाईंनी तर सरळ विचारलं, "पण तुम्ही कशाला मध्ये?" भाऊ म्हणाले, "मी पाऊस आहे असं समजा."

असा हा माणूस. त्यांचा चेहरा मी फक्त एका काळात उतरलेला पाहिला, तो दादांमुळे.

दादा म्हणजे भाऊंचे थोरले बंधू. रेल्वेत ड्रायव्हर होते, पण गाडी ओढणारे नव्हेत, ढकलणारे. कर्जतहून गाडी घाट चढू लागली की पुढच्या इंजिनाला ती एकट्याने झेपत नाही. मग मागून दुसरं इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. दादांनी सारी हयात बँकरवर काढली. दुसऱ्याच्या गाड्या पाठीमागून वर आणायच्या आणि घाटमाथ्यावर आपण सुटून पुन्हा खाली जायचं. गाडी पुण्याला पोचली की कौतुक पुढच्याचं. दादांना त्याचं काही वाटत नसे. "पुढच्याला रस्ता दिसतो, मला गाडी कळते," असं ते म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

मग घाटात विजेची इंजिनं आली. दादांचं वाफेचं इंजिन गेलं आणि त्याच्यामागोमाग दादाही घरी बसले. गळ्यात निरोपाचा हार घालून आले, हार खुंटीला अडकवला आणि खाटेवर बसले ते बसलेच. त्यांचं घर आमच्या दुकानाच्या मागच्या आळीत, रुळांच्या बाजूला. रुळांकडची खिडकी त्यांनी लावून घेतली. बोलणं 'हं' आणि 'नको' एवढ्यावर आलं.

एका सकाळी वहिनी दुकानात आल्या. त्या कधी दुकानात येत नसत.

"भावजी, दोन घास खातात आणि ताट सरकवतात. काल मी म्हटलं, भाजी अळणी झाली का? तर म्हणे, कळलं नाही. भावजी, चव कळेनाशी झाली हो त्यांना. असंच चाललं तर..."

भाऊ एका कंदिलाची काच पुसत होते. पुसून झालेली काच त्यांनी पुन्हा पुसली. "बघतो मी, वहिनी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाची थट्टा केली नाही, आणि छत्री मागेल त्याला छत्री दिली. मला धडकीच भरली.

भाऊंनी सगळं करून पाहिलं. पत्ते घेऊन गेले, तर दादांनी हुकूम हातात असून टाकला नाही. वैद्याचा काढा नेला, तो दादांनी निमूट प्यायला आणि कूस बदलली. कार्ल्याच्या देवीला नेलं, तर दादा पहिल्या पायरीवर बसून राहिले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या." घाट चढणारा माणूस पायऱ्यांना भ्याला, हे भाऊंच्या फार जिव्हारी लागलं.

त्याच सुमारास तुंगार्लीच्या एका बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला. तिथले कंदील बघायला भाऊ मला घेऊन गेले. कंदील राहिले बाजूला. एका कोपऱ्यात लाकडी खोका होता आणि त्यात चावीची आगगाडी. पत्र्याचे चार डबे, रुळांचे तुकडे आणि दोन इंजिनं. भाऊ त्या खोक्यासमोर चक्क जमिनीवर बसले.

"दोन इंजिनं कशाला?" त्यांनी लिलाववाल्याच्या माणसाला विचारलं.

"एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून असेल."

"छे! एक पुढे, एक मागे." भाऊ म्हणाले. खोका डोक्यावर घेऊन मी पुढे आणि भाऊ मागे, असे आम्ही परत आलो. वाटेत मी दोनदा दमून थांबलो तेव्हा भाऊंनी खरोखरच मला पाठीत हात लावून चढावर ढकललं.

गाडी ठेवायची कुठे हा प्रश्न आमच्या दुकानात येऊच शकत नव्हता. वर! तुळयांवरून तारा सोडायच्या, तारांना फळीच्या पट्ट्या बांधायच्या आणि चारी भिंतींच्या कडेने, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, रूळ फिरवायचे. भाऊंनी सुताराला बोलावलं. सुतार पाणसळ घेऊन आला.

"चारी भिती येका पातळीत घेतो," तो म्हणाला. "गाडी पान्यावानी पळंल."

"पातळीत नको. चढ पाहिजे."

"कसला चढ?"

"घाट! मागच्या भिंतीला कर्जत. डाव्या भिंतीने चढत जायचं, दारावरती लोणावळं. मग उजव्या भिंतीने उतरून परत कर्जत."

सुताराने पाणसळ खाली ठेवली. "भाऊ, ही खेळण्यातली गाडी. चावी ती केवढी! चढंल का ती?"

"एकटी नाही चढणार."

"मग?"

"मग काय? न चढण्यासाठीच तर घाट असतो."

सुतार माझ्याकडे बघू लागला. मी त्याची माफी मागितली. "आवं, पर लोक मला नावं ठिवतील," तो कळवळून म्हणाला. "म्हन्तील, सुताराला सरळ फळी मारता येत न्हाई. माझी पोटापान्याची गोष्ट हाय." शेवटी तोड निघाली. काम झाल्यावर डाव्या भिंतीला एक पाटी लागली: 'हा चढ मालकाच्या हुकमावरून'. सुतार रोज येता-जाता ती पाटी शाबूत आहे ना हे पाहून जायचा.

सगळ्या लोणावळ्याला वाटलं की भाऊंना खूळ लागलं. मलाही वाटलं, हे मला लिहिलंच पाहिजे. एका दुपारी मी धीर करून विचारलं, "भाऊ, दादांना करमावं म्हणून हे करताय ना? मग त्यांना सरळ बोलावून आणू या की."

भाऊ स्टुलावर उभे राहून रूळ पुसत होते. "बोलावलं तर येईल, बसेल, छान आहे म्हणेल आणि घरी जाऊन पुन्हा पडेल," ते म्हणाले. "माफीनाम्या, बँकरला कुणी पाहुणा म्हणून बोलवत नाही. गाडी अडली की बोलवतात."

दसऱ्याच्या सकाळी गाडी सुटणार, असं भाऊंनी जाहीर केलं. इंजिनांना झेंडूच्या माळा घातल्या, सोन्याची पानं वाहिली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वेतले फिटर, फायरमन, गार्ड, बाजारातले दुकानदार, सगळे माना वर करून उभे. दादांनाही निरोप गेला होता. ते आले नाहीत.

पुढच्या इंजिनाला मी चावी दिली, मागच्याला भाऊंनी. हर्षाच्या भरात भाऊ चावी फिरवतच राहिले. "भाऊ, पुरे," मी म्हणालो. "घाट मोठा आहे रे," ते म्हणाले आणि आणखी एक पिळा दिला. आत 'टंग' असा आवाज झाला. स्प्रिंग तुटली. बँकर जागच्या जागी मेलं. चावी त्यांनी फिरवली, स्प्रिंग त्यांच्या हातून तुटली आणि तीन रात्री झोप मला लागली नाही.

पुढचं इंजिन तेवढं निघालं. कर्जतहून झोकात सुटलं, डाव्या भिंतीला लागलं, जरा वर गेलं आणि खंडाळ्याच्या अलीकडे थांबलं. चाकं गरगर फिरत होती, माळेतला झेंडू पाकळी पाकळी गळत होता आणि गाडी तसूभर हलत नव्हती.

"अडली!" एक फायरमन ओरडला.

"अडणारच! पाटी वाचा, पाटी!" सुतार कोपऱ्यातून म्हणाला.

लोक खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ मात्र प्रसन्न होते. गाडी बरोबर जिथे अडायला हवी तिथे अडली, असंच जणू त्यांना वाटत होतं. एक गार्ड म्हणाला, "भाऊ, फळ्या सपाट करून टाका. एका इंजिनात फिरेल."

"सपाट केली तर दादाचं काम काय उरलं?" भाऊ म्हणाले. हसणं हळूहळू थांबलं. त्या गर्दीतले निम्मे लोक दादांच्या हाताखालचे होते.

तुटलेली स्प्रिंग भाऊंनी दुरुस्त करू दिलीच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून शिटी सुरू केली. घाटात पुढचा ड्रायव्हर बँकरला शिटीने सांगतो: एक लांब, दोन आखूड, म्हणजे मागून लाव. बँकरने तशीच शिटी उलट द्यायची आणि मग ढकलायचं. रोज दिवेलागणीला भाऊ गाडीला चावी द्यायचे. गाडी खंडाळ्याच्या अलीकडे अडायची. मग भाऊ मागच्या दारात उभे राहायचे, घासलेटचं नरसाळं तोंडाला लावायचे आणि दादांच्या घराच्या दिशेने घुमवायचे, "कूऽऽऽ, कू, कू!" मग थांबायचे. उत्तर यायचं नाही. मग गाडी हाताने उचलून कर्जतला ठेवायचे आणि दुकान बंद करायचे.

शेजारचा कापडवाला वैतागला. "भाऊ, दिवाळीचं गिऱ्हाईक पळून जातंय माझं. विचारतात, आत कुणाला वेताळ लागलाय का?"

"गाडी अडली आहे," भाऊ शांतपणे म्हणायचे. "तुम्हाला ढकलता येते का? नाही ना? मग बसा."

वहिनी मागच्या दाराने येऊन सांगून जायच्या. एकदा म्हणाल्या, "शिटी झाली की पेला हातात तसाच राहतो त्यांचा." एकदा म्हणाल्या, "आज उठून बसले. मग पुन्हा आडवे झाले." भाऊ त्यांचं सगळं लक्ष देऊन ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात फुंकायचे. दिवाळी गेली, थंडी पडली. हट्टाने फुंकता फुंकता एके दिवशी भाऊंचा घसा बसला. गळ्याला फडकं गुंडाळून ते गादीवर बसले होते, तोंडातून नुसती हवा निघत होती. दिवेलागणीला त्यांनी नरसाळं माझ्यापुढे धरलं.

मी हातापायांनी नको नको म्हणालो. भाऊंनी नुसतं मागच्या दाराकडे बोट केलं.

दुकानात पाच-सहा माणसं होती, सुतारही होता. सगळ्यांसमोर ओरडायचं म्हणून मी आधी सगळ्यांची माफी मागितली. मी नरसाळं तोंडाला लावलं. लांब शिटी निघेना. श्वास मध्येच तुटायचा. "कू! कू! कू! कू!" असे नुसते तुकडे बाहेर पडले, आणि घाबरून मी ते थांबवायचंच विसरलो.

आखूड शिट्या एकामागून एक, याचा घाटात एकच अर्थ होतो हे मला ठाऊक नव्हतं. गाडी मागे घसरते आहे.

मागच्या आळीत दार धाडकन आपटलं. पायांचा आवाज जवळ आला आणि दादा दुकानात घुसले. धोतराचा काचा सुटलेला, एका पायात वहाण, दुसरा पाय तसाच, दाढी वाढलेली.

"कुठं सुटली? ब्रेक मारा! हातब्रेक मारा आधी!"

कोणी हललं नाही. दादांनी चोहीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. डाव्या भिंतीवर पत्र्याची गाडी स्वस्थ उभी होती.

"ही शिटी कुणी दिली?"

"मी," मी म्हणालो. "दादा, चुकलो, माफ..."

"चुकलो? शिटी चुकली की माणसं मरतात, गाढवा! लांब कुठं आणि आखूड कुठं! तोंड आहे की फुटका बॉयलर? घाटात असतास तर उतरवला असता तुला, दरीच्या बाजूला उतरवला असता! कुणी घेतलं तुला इंजिनावर?"

दादा बोलतच राहिले. माझी अक्कल, माझं गाव, मला नोकरीला ठेवणारा माणूस, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. मागोमाग धावत आलेल्या वहिनी दाराशीच थबकल्या. नवऱ्याच्या तोंडून इतके शब्द त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून मी खात असलेल्या शिव्या कान देऊन ऐकू लागल्या. इतकी बोलणी मी आयुष्यात कोणाची खाल्ली नाहीत, आणि इतका आनंद कोणत्याही कौतुकाने झालेला नाही.

माझा समाचार घेऊन झाल्यावर दादांनी पुन्हा वर पाहिलं. "आणि हा चढ कुणी बांधला? घाट आहे का शिडी?"

"पाटी वाचा दादा, पाटी!" सुतार हात जोडून म्हणाला.

दादांनी पाटी वाचली. मग भाऊंकडे वळले. "बँकर कुठंय?"

"बिघडलं," भाऊ बसक्या आवाजात म्हणाले.

"बँकर नसताना घाटात गाडी सोडलीस?"

"म्हणून तर रोज शिटी देतोय."

दादांनी भावाकडे बघायचं टाळलं. त्यांनी हात वर केला आणि जवळच्या आकड्यावरची एक छत्री काढली. काढताना तिचा दांडा, टोक, सगळं नीट चाचपून पाहिलं. मग डाव्या भिंतीशी गेले, छत्री उंच धरली आणि तिचं टोक शेवटच्या डब्याच्या पाठीला टेकवलं.

"चावी द्या पुढच्याला. आणि त्या गाढवाला म्हणावं, शिटी दे. नीट!"

मी डोळे मिटले आणि फुंकलं. एक लांब, दोन आखूड. दादांनी तोंडानेच उलट शिटी दिली. ती इतकी खरी होती की उंबऱ्यावरच्या वहिनी दचकून उभ्या राहिल्या.

गाडी हलली. दादा भिंतीच्या कडेने पावलापावलाने चालत होते, आणि छत्रीचं टोक डब्याला लागलं आहे की नाही हे कळत नव्हतं. "दादा, रेटा की जरा!" फायरमन म्हणाला.

"ढकलणं म्हणजे रेटणं नव्हे रे," दादा वर बघतच म्हणाले. "पुढच्याला आपण आहोत हे कळताच कामा नये. त्याला नुसतं ओझं हलकं वाटलं पाहिजे."

खंडाळं आलं, खंडाळं गेलं. दारावरचं लोणावळं वीतभर राहिलं तेव्हा दादांनी छत्री खाली घेतली.

"अहो, आणखी थोडं!" सगळे ओरडले.

"माझं संपलं. पुढं सपाटी आहे, त्याची तो जाईल."

गाडी आपल्या आपण लोणावळ्यात शिरली. दुकानात असा कल्ला झाला की वरचे कंदील किणकिणले. पण उजवीकडचा उतार आम्ही सगळेच विसरलो होतो. तिथपर्यंत गाडी कधी पोचलीच नव्हती! ती जी सुटली ती तुफान खाली आली, कर्जतच्या वळणावर शेवटचे दोन डबे उडाले, आणि एक सुताराच्या पागोट्यावर पडला. सुतार "आयाया!" करत खाली बसला. आधी दादा हसले. मग वहिनी. मग खुद्द सुतार.

"उताराला ब्रेक नको का?" दादा डोळे पुसत म्हणाले. "उद्या बघतो मी."

'उद्या' हा शब्द ऐकला आणि भाऊ गळ्याचं फडकं सारखं करत उगाचच मागच्या दाराकडे गेले.

त्यानंतर दादा रोज दिवेलागणीला यायचे, दाढी करून. उताराखाली त्यांनी आणि भाऊंनी मिळून उघड्या छत्र्या उलट्या टांगल्या, म्हणजे उडालेला डबा छत्रीत पडावा. त्या छत्र्या भाऊ "गाडी झेललेली छत्री" म्हणून विकू लागले, आणि लोक तीच मागू लागले. बाहेरगावचे लोकही दादांचं बँकर बघायला येऊन उभे राहायचे. दोघे भाऊ भांडायचेही. चढ कमी करावा असं दादांचं म्हणणं, आणि भाऊ सुताराला बोलावतो म्हणून रोज टाळायचे. त्या चुकलेल्या शिटीबद्दल मी एकदाच दादांची माफी मागायला गेलो, तर भाऊंनी मला मध्येच धरलं. "खबरदार! तुझ्या हातून एकच गोष्ट धड झाली आहे, ती बिघडवू नकोस." मी ती तशीच राहू दिली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईचे एक गृहस्थ बंगल्यावर राहायला आले होते. त्यांनी दोन-तीन संध्याकाळी हा सोहळा पाहिला आणि मग एक खोकं घेऊनच आले. आत नवं कोरं इंजिन होतं, जर्मन बनावटीचं, काळंभोर.

"हे लावून पाहा," ते म्हणाले. "हे एकटं चढेल. त्या म्हाताऱ्या बाबांना रोज छत्री धरून उभं राहायला नको. माझ्याकडून भेट समजा."

भाऊंनी इंजिन हातात घेतलं. उलटं-सुलटं करून पाहिलं. चाकं बोटाने फिरवून पाहिली. त्यांच्या डोळ्यांतला मोह मला स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी ते खोक्यात परत ठेवलं आणि झाकण लावलं.

"फार उपकार झाले. पण दुकानात जागा नाही."

गृहस्थांनी वर पाहिलं. तिथे दहा इंजिनं टांगता आली असती. ते बिचारे गोंधळून खोकं घेऊन निघून गेले.

दादा भिंतीशी छत्री धरून उभे होते. "घ्यायचं होतंस की," ते म्हणाले. "मीही सुटलो असतो."

"त्याला शिटी ऐकू येत नाही," भाऊ म्हणाले.

दादांनी छत्रीचं टोक शेवटच्या डब्याला टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काय रे गाढवा, उभा काय राहिलास? गाडी अडली आहे."

मी नरसाळं तोंडाला लावलं.